‘अनलकी’ शब्दाची गोष्ट

आज थोडा इतिहास सांगणार आहे. राजामहाराजांचा नाही, शब्दांचा.

मागच्या महिन्यात मेडशीला आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब चालू होता. तेवढ्यात गटातल्या एकीची सातवीतली मुलगी वही घेऊन आली. शाळेत इंग्रजी शब्द दिले होते: बॅड लक, अनलकी, ओमेन, ईव्हिल आय, विच. ती म्हणाली, “याले मराठीत काय म्हंतात, सांगा ना वं.”

मग काय विचारता! अपशकुन, दृष्ट, साडेसाती, पनवती, करणी, चेटकीण. एकीचं संपलं की दुसरीचं सुरू. मुलगी भराभर लिहीत होती. शेवटी एकीने हसत हसत सांगितलं, “पांढऱ्या पायाची.” मुलगी थांबली. “म्हंजे कोन वं काकू?”

कोणीच उत्तर दिलं नाही. आमच्यातच एक ताई बसली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला, तेव्हा सासरी तिने हाच शब्द ऐकला होता. ती मान खाली घालून पासबुकं जुळवत राहिली.

घरी आल्यावर मी त्या यादीतले शब्द कुठून आले ते शोधायला बसले. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

आपलं वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. कचेरी, दवाखाना, रेल्वे आली आणि त्यांच्यासोबत इंग्रजी शब्द आले. तेव्हापासून आपल्या मनात एक बसलं आहे की इंग्रजी ही शहाण्यांची भाषा, आणि शकुन-अपशकुन, दृष्ट, ग्रहदशा हे सगळं आपल्यासारख्या खेड्यातल्या बायांचं. पण इंग्रजी शब्दांची गाठोडी सोडून पाहिली, तर आत आपल्यासारखंच सामान निघतं.

‘शकुन’ हा शब्द घ्या. संस्कृतात शकुन म्हणजे पक्षी. कोणता पक्षी कुठून उडाला, कुठे ओरडला, यावरून शुभ-अशुभ ठरवायचे, म्हणून तो शकुन. आता इंग्रजीत शुभ गोष्टीला ‘ऑस्पिशस’ म्हणतात. तो शब्द लॅटिन भाषेतून आला आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे, पक्षी पाहणे. रोमचे अधिकारी मोठं काम हाती घेण्याआधी पक्ष्यांकडे पाहून कौल घेत. म्हणजे पक्षी इकडेही उडाला आणि तिकडेही.

तीच गोष्ट ग्रहांची. संकटाला इंग्रजीत ‘डिझास्टर’ म्हणतात. त्यात ‘अ‍ॅस्टर’ म्हणजे तारा. वाईट ताऱ्याचा फेरा, तो डिझास्टर. आपण ‘ग्रह फिरले’ म्हणतो, त्याचाच हा भाऊ. तापाच्या साथीला इटलीतल्या लोकांनी ‘इन्फ्लुएन्झा’ म्हटलं, म्हणजे प्रभाव, ताऱ्यांचा प्रभाव. त्यालाच आपण आज फ्लू म्हणतो. 1918 साली ही साथ आपल्या देशात आली, तेव्हा आपल्या आजी-पणजीने तिला ‘मानमोडी’ म्हटलं. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा कारण कोणालाच नीट माहीत नव्हतं. माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू शास्त्रज्ञांनी वेगळा काढला तो 1933 मध्ये. तारे निर्दोष सुटले, शब्द मात्र तसाच राहिला.

‘मलेरिया’चंही तसंच. इटालियन भाषेत त्याचा अर्थ खराब हवा. आपण ‘बाहेरचं वारं लागलं’ म्हणतो ना, तेच! दलदलीजवळच्या वाईट हवेने ताप येतो, असं त्यांना वाटे. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. तेव्हापासून वाऱ्यावरचा आळ गेला आणि आपण साचलेलं पाणी उपसायला लागलो. खरं कारण कळलं की उपाय हाती येतो. ज्याच्या त्याच्या माथी दोष मारून कोणाचाही ताप उतरत नाही.

आता मांजर आणि घुबड. काळी मांजर आडवी गेली की आपण थांबतो. अमेरिकेतही तिला घाबरतात, पण इंग्लंडमध्ये पुष्कळ लोक काळी मांजर शुभ मानतात. घुबड छपरावर बसलं की आपल्या काळजात धस्स होतं. ग्रीक लोकांनी मात्र त्याला विद्येच्या देवीजवळ बसवलं आणि बंगालात ते लक्ष्मीचं वाहन आहे. आकड्यांचंही असंच. तेरा या आकड्याला गोरे लोक इतके भितात की कितीतरी हॉटेलांत तेरावा मजलाच नसतो. तीच मांजर, तेच घुबड, तोच आकडा. एका गावात शुभ, दुसऱ्या गावात अशुभ. मग दोष त्या मुक्या जिवात आहे, की पाहणाऱ्याच्या मनात?

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण यादीतला शेवटचा शब्द होता ‘विच’, म्हणजे चेटकीण. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे 40 ते 50 हजार माणसांना मारलं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक बायका होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या, गरीब, एकट्या. गाय आटली, मूल दगावलं, गारपीट झाली की बोट एकट्या बाईकडे. शेवटी 1735 साली ब्रिटनच्या पार्लमेंटने कायदा केला आणि चेटूक हा गुन्हाच रद्द केला. ज्यांना आपण पुढारलेले म्हणतो, त्यांनाही हे शिकायला शेकडो वर्षं आणि हजारो बायकांचे जीव लागले.

आपल्याकडे हा प्रश्न विचारणारी बाई आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलीच होती. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. 1882 साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. नवरा मेला तर बाईने तोंड लपवायचं, मग बायको मेली तर पुरुषाने मिशा उतरवून रानात का जाऊ नये, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. आज एवढ्या वर्षांनीही तो सवाल आपल्या दाराशी उभा आहे.

उत्तर मिळायला सुरुवात झाली आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे धडपड केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तो कायदा आला. रॉस यांच्या शोधाची तारीखही 20 ऑगस्टच. हा योगायोग आहे, शकुन नव्हे! अमकी बाई करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, ती दुसऱ्यांचं वाईट करते, असा आळ घेऊन तिला छळणं या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे तुरुंगवास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. कोणावर अशी वेळ आली तर पोलीस ठाण्यात जा, नाहीतर 112 ला फोन लावा. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं.

आता राहिला ‘लक’. हा शब्द पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी हॉलंड-जर्मनीकडून इंग्रजीत गेला. भाषेचे अभ्यासक म्हणतात, तो बहुधा जुगाऱ्यांच्या तोंडून आला. म्हणजे दान पडलं तर लक, नाही पडलं तर बॅड लक. फाशाला काय ठाऊक कोणाचा हात आहे? आजकाल शिकलेल्या घरांत ‘पांढऱ्या पायाची’ म्हणायला लाज वाटते, म्हणून हळूच म्हणतात, “सून जरा अनलकी आहे.” घाव तोच, फक्त त्यावर इंग्रजी कापड.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं गटात सांगितलं. त्या मुलीला म्हटलं, “बाई, शब्द सगळे शिक. परीक्षेत लिही. पाऊस आला नाही तर बॅड लक म्हण. पण ‘अनलकी’ हा शब्द कोणत्याही बाईच्या नावापुढे लावू नको.” तिने वहीतल्या ‘पांढऱ्या पायाची’वर रेघ मारली.

येत्या संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या गटाने त्या ताईच्या घरी ठरवलं आहे. पहिलं कुंकू तिला लावायचं. ती हो-नाही करत होती, पण काल म्हणाली, “तिळगूळ मीच करीन. बाकीचं तुम्ही पाहा.”