आइसवीझल : एका नामांतराची हकीकत

संगणकाच्या आज्ञावलीवर कर्त्याचा हक्क चालतो तो एका कायद्यानें, आणि तिच्या नांवावर चालतो तो अगदीं निराळ्या कायद्यानें. वकिलांस हा भेद ठाऊक असतोच. परंतु ज्यांनीं आपली आज्ञावली मोकळ्या हातानें जगास देऊन टाकली, त्यांस तो अनुभवानें शिकावा लागला.

१९९८ सालीं नेटस्केप कंपनीनें आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांस खुली केली, व त्यांतून मोझिला प्रकल्प जन्मास आला. तेथील नव्या ब्राउझरचें पहिलें नांव फीनिक्स. दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशीं तें जुळतें म्हणून सोडावें लागलें. मग फायरबर्ड हें नांव घेतलें, तों त्याच नांवाचा माहितीसंग्रहाचा एक खुला प्रकल्प आधींच चालू असल्याचें निघालें. अखेर २००४ च्या फेब्रुवारींत फायरफॉक्स हें नांव कायम झालें. दोनदां पोळलेल्यानें तिसरें नांव डोळ्यांत तेल घालून जपावें, यांत नवल तें काय ?

या जपणुकीशीं गांठ पडली ती डेबियनची. १९९३ सालीं ईअन मर्डॉक यानें आरंभिलेला हा स्वयंसेवकांचा संघ खुल्या आज्ञावल्या जमवितो, दुरुस्त करितो व वांटतो. फायरफॉक्सची संहिता बदलण्यास व वांटण्यास मुभा होती. तिच्या चित्रमुद्रेस मात्र तशी नव्हती. म्हणून डेबियननें मुद्रा गाळून केवळ नांव ठेविलें. २००६ सालीं मोझिलानें कळविलें कीं, नांव हवें तर मुद्राही घ्यावी, आणि या नांवाखालीं जे फेरफार कराल त्यांस आमची संमति घ्यावी. डेबियन तर जुन्या आवृत्तींतच सुरक्षिततेच्या दुरुस्त्या बसवीत असे. प्रत्येक वेळीं परक्याच्या होकाराची वाट पाहणें त्यास परवडणारें नव्हतें. बरें, खास सवलत मागावी, तर केवळ डेबियनपुरता दिलेला परवाना चालणार नाहीं, असा त्याचाच १९९७ चा नियम ! तेव्हां अग्नीचें हिम झालें, कोल्ह्याचें वीझल झालें, आणि ब्राउझर आइसवीझल या नांवानें बाहेर पडला. टपालाची आज्ञावली थंडरबर्ड तीही आइसडव्ह झाली.

पुष्कळांनीं या प्रसंगीं मोझिलावर स्वातंत्र्यद्रोहाचा आरोप केला. मला तो अन्यायाचा वाटतो. फेरफार केलेल्या कृतीस निराळें नांव द्यावें अशी अट कर्त्यास घालतां येते, हें डेबियनच्या त्याच नियमावलींत स्पष्ट लिहिलें आहे. शिवाय चिन्हाखालीं कोणीही कांहींही खपवूं लागला, तर ग्राहक फसतो आणि चिन्हावरील हक्कही दुबळा होतो. मोझिलाचा दोष निराळा : लबाडांसाठीं घातलेलें कुंपण तिनें विश्वासू शेजाऱ्यासही तितक्याच ताठरपणें लागू केलें.

हा ताठरपणा ओसरण्यास दहा वर्षें लागलीं. मधल्या काळांत चित्रमुद्रा खुल्या परवान्याखालीं आली होती, आणि डेबियनच्या फेरफारांनीं गुणवत्तेस बाध येत नाहीं हें मोझिलानेंही मान्य केलें. २०१६ सालीं फायरफॉक्स हें नांव डेबियनमध्यें परतलें. थंडरबर्ड वर्षभरानें आलें. जुन्या संवयीनें आइसवीझल मागणाऱ्यास डेबियन त्यानंतर कांहीं काळ मुकाट्यानें फायरफॉक्सच बसवून देत असे.