मैदानावरचा एक तास

राजे, लढाया आणि तह यांच्यावर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय त्यापुढे अगदी साधा वाटेल. मुलींना मैदानावरचा एक तास कसा मिळाला आणि त्या तासात त्या नेमकं काय शिकल्या, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करते. माझं बालपण इंदूरमधल्या मराठी घरात गेलं. घराजवळच्या मोकळ्या जागेत आम्ही रोज संध्याकाळी खो-खो खेळायचो. मला तेरावं लागलं आणि माझं जाणं थांबलं. कुणी रागावलं नाही, कुणी बंदी घातली नाही. "आता दिवेलागणीला आईच्या हाताखाली राहा गं," एवढंच आजी म्हणाली. धाकटा भाऊ मात्र पायात चपला सरकवून पळाला. मैदानाबरोबर माझं आणखी काय काय गेलं, ते मला इतिहास वाचताना फार उशिरा उमगलं.

तर चला, आधी ढाक्याला जाऊ. साल १९२३. लीला नाग ही तरुणी ढाका विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. झाली आणि त्याच वर्षी बारा मैत्रिणींना घेऊन तिने 'दीपाली संघ' काढला. संघाने मुलींसाठी शाळा चालवल्या, हस्तकलेचे वर्ग घेतले आणि लाठीही शिकवली. ज्या घरांतून मुलगी एकटी कोपऱ्यापर्यंतही जात नसे, त्या घरांतल्या मुली आता ठरल्या वेळी बाहेर पडू लागल्या. घरच्यांची समजूत घालणं, वर्गणी जमवणं, हिशेब ठेवणं, चार लोकांसमोर उभं राहून बोलणं हे सगळं त्या ओघानेच शिकल्या. डिसेंबर १९३१मध्ये लीलाताईंना अटक झाली आणि पुढची जवळपास सहा वर्षं तुरुंगात गेली. १९४६मध्ये त्या बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेल्या.

कलकत्त्यात १९२८मध्ये 'छात्री संघ' उभा राहिला. अध्यक्ष सुरमा मित्र, चिटणीस कल्याणी दास. कॉलेजातल्या मुली इथे लाठी, पोहणं, सायकल आणि प्रथमोपचार शिकत. कल्याणीची धाकटी बहीण बीना दासही या संघात होती. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी पदवीदान समारंभात तिने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नेम चुकला. तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. इतिहासाच्या पुस्तकांत ते पिस्तूल हमखास सापडतं, सायकलला मात्र जागा मिळत नाही. मला सायकलीचं महत्त्व वाटतं. त्या काळी ज्या मुलीला सायकल येत होती, तिला गल्ल्या ठाऊक होत्या, वेळेचा अंदाज होता आणि घरी परत यायला कुणाच्या सोबतीची वाट बघावी लागत नव्हती.

तिसरं ठिकाण शांतिनिकेतन. रवींद्रनाथांनी जपानहून शिंझो ताकागाकी या ज्यूदोच्या शिक्षकांना बोलावलं. ते १९२९मध्ये आले. वर्गात मुलांबरोबर मुलीही होत्या. त्यातल्या एक अमिता सेन, म्हणजे पुढे नोबेल मिळवणाऱ्या अमर्त्य सेन यांच्या आई. १९३१मध्ये कलकत्त्याच्या न्यू एम्पायर नाट्यगृहात या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकं दाखवली. आपलं भय आणि संकोच हाच आपला अपमान, असं सांगणारं एक गाणं रवींद्रनाथांनी त्यासाठी रचलं होतं. पण पुढे ताकागाकींना बंगालमध्ये ठेवून घ्यायला हवा तसा आश्रय मिळाला नाही. दोनएक वर्षांत ते निघून गेले आणि वर्गाचा जोर ओसरला.

इथे जरा थांबू. तिन्ही ठिकाणी मुलींच्या हाती काहीतरी आलं, यात शंका नाही. पण ते टिकवायची व्यवस्था कुठे होती? नेत्या तुरुंगात गेल्या, शिक्षक परत गेले आणि मैदानं रिकामी झाली. शिवाय ढाका-कलकत्त्यात मुलीच्या बळकट हाताला परवानगी मिळाली ती बऱ्याच अंशी देशासाठी. देशकार्य संपल्यावर तोच हात तिने स्वतःसाठी वापरावा, असं सांगणारे थोडेच होते.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने 'जीवनकौशल्यं' हा शब्द रूढ केला. निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, संवाद साधणं, स्वतःला ओळखणं, ताण पेलणं अशी दहा कौशल्यं तिने सांगितली. ती शिकवायची कशी, याचं एक उत्तर दिल्लीत मिळालं. नाझ फाउंडेशनने २००६मध्ये 'गोल' हा कार्यक्रम सुरू केला. वस्त्यांमधल्या मुली नेटबॉल खेळतात आणि त्याच सत्रांत आरोग्य, हक्क, संवाद आणि पैशाचा व्यवहार यांबद्दल बोलतात.

नेटबॉलचे नियम बघा. चेंडू हातात घेऊन पळता येत नाही आणि तीन सेकंदांहून जास्त वेळ तो धरूनही ठेवता येत नाही. म्हणजे झटकन मान वर करायची, कोण मोकळी आहे ते हेरायचं, तिला हाक मारायची आणि चेंडू द्यायचा. ज्या मुलीला घरात आवाज चढवायची सवय नाही, तिला इथे ओरडावंच लागतं. नियमच धडा देतो, वेगळं भाषण लागत नाही. आपल्या खो-खोतही पाठीमागून 'खो' मिळाल्याशिवाय उठता येत नाही. मैत्रिणीवर भरवसा ठेवायला मी तिथेच शिकले होते.

झारखंडमध्ये रांचीजवळच्या गावांत 'युवा' संस्थेने २००९पासून मुलींना फुटबॉल शिकवायला घेतलं. २०१३मध्ये तिथल्या मुलींचा संघ स्पेनमधल्या गास्तेइझ चषकात तिसरा आला. पण त्यांचा अवघड सामना त्याआधीच झाला होता. पासपोर्टला जन्मदाखला लागतो. तो मागायला गेल्यावर सरकारी कार्यालयात आपल्याला झाडू मारायला लावलं, थोबाडीतही बसली, असं त्या मुलींनी नंतर जाहीरपणे सांगितलं. तरी दाखला घेतल्याशिवाय त्या राहिल्या नाहीत. अपमान गिळून पुन्हा त्याच दारात उभं राहायचं बळ कुठून आलं? मला वाटतं, रोज एका ठरावीक वेळी, ठरावीक जागी, आपली वाट बघणाऱ्या मैत्रिणी असण्यातून.

या दोन्ही कार्यक्रमांची एक गोष्ट मला १९३१पेक्षा वेगळी दिसते. इथे खेळून मोठ्या झालेल्या मुलीच पुढच्या मुलींना शिकवतात. बाहेरचा शिक्षक गेला तरी शिट्टी गावातल्या मुलीच्या गळ्यात राहते. ढाक्यात आणि शांतिनिकेतनात जो धागा तुटला, तो इथे पुढे जाण्याची शक्यता आहे.

खेळाने सगळे प्रश्न सुटतात, असं मी म्हणणार नाही. लग्नाचं वय, शाळेची फी, रात्रीचा रस्ता हे प्रश्न मैदानाबाहेरच उभे असतात. पण त्यांना तोंड द्यायची तालीम कुठेतरी व्हावी लागते.

माझी भाची आता बारा वर्षांची आहे, इंदूरमध्येच असते. गेल्या दिवाळीत कुणीतरी तिलाही दिवेलागणीची आठवण करून दिली. मी म्हटलं, "दिवे मी लावते. तू जा, सातपर्यंत ये." आधी ती दारात थबकली, मग चपला सरकवून पळाली.

तुमच्याही घरात एखादी असेल, तर तिचा तो एक तास तेवढा जपा. भेटू पुढच्या भागात.