‘मोतीबिंदू पिकला का?’ : एका प्रश्नाच्या दोन हजार वर्षांचा धागा

घरातील वडीलधाऱ्यांना मोतीबिंदू असल्याचे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पिकला का?’ नसेल, तर ‘पिकू द्या, मग बघू’ असा निर्वाळा मिळतो आणि एखादी आजी पुढील दोन वर्षे जिना चाचपडत उतरते. आंब्याला शोभणारे हे क्रियापद डोळ्याला कधी आणि का चिकटले, हा आजच्या धाग्याचा विषय. एकेकाळी या सल्ल्याला भक्कम कारण होते. ते कारण कधी नाहीसे झाले, हे मात्र घरोघरी पोहोचलेले नाही.

आरंभ सुश्रुतसंहितेपासून करू. तिच्या उत्तरतंत्रात ‘लिंगनाश’ या दृष्टिरोगाच्या कफज प्रकारावर शस्त्रकर्म सांगितले आहे. ऋतू फार उष्ण वा फार थंड नसावा. रुग्णाने स्वतःच्या नाकाकडे दृष्टी लावावी. वैद्याने डाव्या डोळ्यासाठी उजवा आणि उजव्या डोळ्यासाठी डावा हात वापरावा. रक्तवाहिन्या टाळून, जवाच्या दाण्यासारख्या टोकाच्या शलाकेने बाजूने वेध घ्यावा. डोळ्यावर स्त्रीचे दूध शिंपावे. नंतर रुग्णाने एक नाकपुडी दाबून कफ शिंकरावा. दिसू लागले की शलाका हळूच काढून, तुपाची पट्टी बांधून त्याला उताणे निजवावे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे, सारे काही काळ वर्ज्य! ही पथ्ये वाचताना लेखकाने असे रुग्ण प्रत्यक्ष पाहिले असणार याबद्दल शंका उरत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘सुश्रुताने मोतीबिंदू काढला’ असे फलक समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतात. गढुळलेले भिंग या क्रियेत डोळ्याबाहेर येत नसे. शलाकेने ते दृष्टीच्या वाटेतून बाजूला ढकलले जाई आणि डोळ्यातच पडून राही. शिवाय उत्तरतंत्र हा भाग मूळ संहितेला नंतर जोडला गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे ‘इसवी सनापूर्वी अमुक वर्षे’ असा छातीठोक आकडा देणे टाळावे. वर्णनाची थोरवी त्याने उणावत नाही.

मुद्द्याची गोष्ट अशी की, शस्त्रकर्म केव्हा करू नये हेही तेथे सांगितले आहे. दोष अर्धचंद्रासारखा, घामाच्या थेंबासारखा वा मोत्यासारखा दिसत असेल, मध्ये विरळ असेल, दुखत असेल, तर हात लावू नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील सेल्सस तर स्पष्टच लिहितो की, आतील द्रव वाहता न राहता काहीसा घट्ट होईपर्यंत थांबावे. ‘पिकण्या’चा सल्ला इतका जुना आहे.

त्यामागचा तर्क त्या काळच्या शरीरशास्त्रातून आला. भिंग हेच दृष्टीचे स्थान असून मोतीबिंदू म्हणजे त्याच्या पुढ्यात उतरलेला दूषित द्रव, अशी पाश्चात्त्य आणि अरबी वैद्यकाची दीर्घकाळ समजूत होती. अरबी वैद्य त्याला ‘पाणी उतरणे’ म्हणत आणि लॅटिनमध्ये त्यासाठी धबधब्याचा शब्द रूढ झाला. ‘कॅटरॅक्ट’ तेथूनच आला. पातळ द्रव सुईने ढकलता येत नाही, म्हणून तो साकळेपर्यंत थांबणे ओघानेच आले.

१७०५ मध्ये ब्रिसो या फ्रेंच वैद्याने मृत व्यक्तीचा डोळा उघडून दाखवून दिले की, गढूळ झालेले असते ते खुद्द भिंगच. मग ते ढकलण्याऐवजी बाहेरच का काढू नये? १७४७ मध्ये झाक दाव्हिएल याने तेच केले आणि १७५३ मध्ये पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीपुढे ११५ शस्त्रक्रियांचा वृत्तांत मांडला. त्यांपैकी १०० यशस्वी झाल्याचा त्याचा दावा होता. पण जुनी रीत लगेच संपली नाही. १७५० मध्ये संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर जॉन टेलर या फिरत्या इंग्रज शल्यकाने सुईचीच क्रिया केली. बाख यांना दृष्टी मिळाली नाही आणि काही महिन्यांत त्यांचे निधन झाले. पुढे हँडल यांनीही त्याच टेलरकडून उपचार घेतले, आणि तेही व्यर्थ ठरले.

शरीरशास्त्र बदलले तरी ‘पिकू द्या’ टिकले, कारण त्याला नवी कारणे मिळाली. अर्धवट गढुळलेल्या भिंगाचा मऊ, चिकट भाग पूर्ण निघत नसे आणि मागे राहिलेल्या अवशेषांमुळे डोळा सुजे. पूर्ण पिकलेले भिंग त्या मानाने स्वच्छ निघे. दुसरे कारण चष्म्याचे. भिंग काढलेल्या डोळ्याला सुमारे +१० क्रमांकाचा, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसे. दुसरा डोळा चांगला असेल, तर एकाच माणसाच्या दोन आकृत्या दिसत! म्हणजे जेमतेम दिसणाऱ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करणे खरोखरच तोट्याचे होते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने हे चष्मे पाहिले आहेत. त्यांची सावधगिरी अडाणीपणाची नव्हती.

मराठी वाचकांसाठी एक थांबा तंजावरचा. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांवर उपचार होत. त्यांपैकी चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन आहेत. रुग्णाची अवस्था लिहून ठेवायची, डोळा रेखाटायचा, ही शिस्त एका मराठा दरबारात दिसते. मला स्वतःला वरील फलकांपेक्षा हे कागद अधिक अभिमानास्पद वाटतात.

त्याउलट सुईने भिंग ढकलणारे फिरते वैद्य भारतात विसाव्या शतकापर्यंत होते. मद्रासचे नेत्रशल्यक रॉबर्ट एलियट यांनी या पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्या क्षणी दिसू लागे आणि मोबदला मिळे. जंतुसंसर्ग वा डोळ्यातील वाढता दाब यांमुळे डोळा जाईपर्यंत वैद्य पुढच्या गावी पोहोचलेला असे.

खरा पालट २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात झाला. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे कण घुसले तरी डोळा ते सहन करतो, असे हॅरल्ड रिडली यांनी पाहिले होते. त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग त्यांनी रुग्णाच्या डोळ्यात बसवले. समव्यावसायिकांनी त्यांना वर्षानुवर्षे झिडकारले. ‘सर’ किताब मिळायला २००० साल उजाडले. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी दंतवैद्याच्या श्राव्यातीत उपकरणावरून स्फूर्ती घेऊन, भिंग आतच फोडून लहानशा छेदातून शोषून घेण्याची पद्धत आणली. भारतात गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांनिशी अरविंद नेत्रालय सुरू केले आणि १९९२ पासून ‘ऑरोलॅब’ने स्वस्त भिंगे बनवली, तेव्हा हे तंत्र सामान्य खिशाच्या आवाक्यात आले.

या टप्प्यावर जुना सल्ला उलटा झाला. आता मऊ भिंग सहज फुटते. फार पिकलेले भिंग कठीण होते, ते फोडायला अधिक ऊर्जा लागते आणि गुंतागुंतीचा धोका वाढतो. क्वचित अतिपक्व भिंग फुगून वा पाझरून डोळ्यातील दाब एकाएकी वाढवते. म्हणून आज नेत्रतज्ज्ञ रुग्णाची अडचण विचारतात. चष्मा बदलूनही वाचता येत नाही का? रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का? जिना उतरताना, तांदूळ निवडताना, चेहरे ओळखताना अडते का? तसे असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. काहीच अडत नसेल, तर नियमित तपासणी करून थांबता येते. केवळ मोतीबिंदू आहे म्हणून घाई नको. मधुमेहींमध्ये मात्र आतील दृष्टिपटल तपासण्याच्या आड भिंग येत असेल, तर आधीच निर्णय घ्यावा लागतो. थेंब घालून मोतीबिंदू विरघळवण्याचे सिद्ध औषध अद्याप नाही.

आणि ‘पिकतोय’ म्हणून घरी बसलेल्या माणसाला खरोखर मोतीबिंदूच आहे, हे तपासल्याशिवाय गृहीत धरू नये. काचबिंदूही दृष्टी हळूहळू नेतो, आणि त्यात गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. पुढील धागा त्यावरच.