प्रतिपिंड प्रथिने, असामान्य

प्रतिपिंडे (शरीरात शिरलेल्या रोगजंतूंचा व परक्या पदार्थांचा प्रतिकार करणारी प्रथिने) प्लाविका कोशिकांत तयार होतात. निरोगी शरीरात या कोशिकांचे असंख्य वंश असतात व प्रत्येकाचे प्रतिपिंड निराळे असते. एखादाच वंश प्रमाणाबाहेर वाढल्यास रक्तरसात एकाच साच्याचे प्रथिन साठते. त्यास एककृंतकी प्रथिन म्हणतात.

या प्रथिनांचा इतिहास मूत्रपरीक्षेपासून सुरू होतो. १८४५ मध्ये लंडनमधील विल्यम मॅकिंटायर व टॉमस वॉटसन या वैद्यांनी हाडे ठिसूळ झालेल्या एका रुग्णाचे मूत्र हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे परीक्षणार्थ पाठविले. त्यातील प्रथिनाचा साका उष्णता दिल्यावर विरघळे व थंड होताच पुन्हा तयार होई. बेन्स जोन्स यांनी ते अल्ब्युमिनाचे ऑक्साइड मानले. हा तर्क पुढे चुकीचा ठरला. तथापि अशा अन्य रुग्णांतही ते शोधावे, ही त्यांची सूचना मोलाची ठरली. १८८९ मध्ये ओटो काहलर यांनी या प्रथिनाची सांगड मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाशी घातली.

आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विद्युत् संचारणाची सुधारित पद्धत प्रसिद्ध केली. विद्युत् क्षेत्रात रक्तरसातील प्रथिने भिन्न वेगांनी सरकून अलग होतात. नाना प्रकारच्या प्रतिपिंडांचा आलेख पसरट उंचवट्यासारखा दिसतो, तर एककृंतकी प्रथिनाचा अरुंद व टोकदार येतो. १९६२ मध्ये जेरल्ड एडेलमन व जोसेफ गॅली यांनी बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची हलकी शृंखला होय, असे दाखविले. रोगाने निर्माण केलेले हे प्रथिन अशा रीतीने निरोगी प्रतिपिंडाची रचना उलगडण्यास उपयोगी पडले.

पुढे तपासण्या वाढल्या, तसे कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तींतही हे प्रथिन आढळू लागले. स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रम यांनी अशा अवस्थेस सौम्य मानले. मात्र अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये ‘अनिश्चित महत्त्वाची’ हे विशेषण सुचविले. कारण कोणाची अवस्था स्थिर राहील व कोणाची बळावेल, हे आरंभी सांगता येत नाही. पन्नाशीनंतर सुमारे ३ टक्के लोकांत ही अवस्था आढळते, असे मेयो क्लिनिकच्या पाहणीत दिसून आले. त्यांपैकी दरवर्षी सुमारे १ टक्का व्यक्तींत मायलोमा वा तत्सम विकार उद्भवतो. म्हणून केवळ हे प्रथिन आढळले म्हणजे कर्करोग झाला असे ठरत नाही. रक्तक्षय, हाडांची झीज, मूत्रपिंडाचे कार्य व रक्तातील कॅल्शियम यांचा विचार करून निदान करतात आणि दोष नसल्यास ठराविक काळाने पुनर्तपासणी करतात.