पहारेकऱ्याला न कळलेले गाणे

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या तटांच्या आत आहे, तो मुळात पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला तेव्हा त्याचे काम पुरतेही झाले नव्हते. या एकाच वास्तूच्या इतिहासात पहाऱ्याच्या दोन परस्परविरुद्ध चुका नोंदलेल्या आहेत. एकदा इशारा आला आणि त्याचा अर्थ भलताच लावला गेला. दुसऱ्यांदा इशारा समोरून गेला आणि कोणाला ऐकूच आला नाही. आज आपले कागद क्लाऊडमध्ये ठेवलेले असतात आणि ‘फाइल बाहेरच्या व्यक्तीशी शेअर झाली’ अशा सूचना रोज येऊन पडतात. म्हणून या दोन चुका शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांस वाटते.

पहिली चूक १७७४ची. नारायणरावांचा खून ऑगस्ट १७७३ मध्ये झाला आणि पुण्याचा दरबार दुभंगला. साष्टी आणि वसई यांवर मुंबईकर इंग्रजांचा डोळा त्याच्याही आधीपासून होता. अशात पोर्तुगीजांचे आरमार आपला गेलेला मुलूख परत घ्यायला येत असल्याची बातमी मुंबईस पोचली. आपण ठाणे घेतले नाही तर पोर्तुगीज घेतील, असे कौन्सिलने ठरवले आणि १२ डिसेंबर १७७४ रोजी फौज निघाली. पोर्तुगीज आरमार खरोखरच आले. मुंबई बंदराच्या तोंडाशी नांगरून त्याच्या सेनापतीने निषेध नोंदवला. पण लढाई त्याच्याशी झाली नाही. ती झाली ठाण्याच्या किल्ल्यातील मराठी शिबंदीशी. वेढ्यात कमोडोर वॉटसन प्राणांतिक जखमी झाला, २८ डिसेंबरला किल्ला पडला आणि १७८२च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

येथे बातमी खोटी नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. इशारा फसवा ठरण्यासाठी बातमी खोटी असावीच लागते असे नाही. बातमी खरी, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष सोयीचा, आणि भुर्दंड तिसऱ्यालाच, असे घडले की इशारा फसवाच म्हणायचा.

दुसरी चूक बेचाळीस वर्षांनंतरची. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास खून झाला. त्याचा ठपका दुसऱ्या बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या आग्रहामुळे बाजीरावांना त्यांना इंग्रजांच्या हवाली करावे लागले, आणि ते ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत पडले. फितुरी होऊ नये म्हणून पहाऱ्यावर केवळ गोरे शिपाई नेमले होते. इमानाच्या बाजूने ही व्यवस्था चोख होती. उणीव होती ती भाषेची. ग्रँट डफने नोंदवलेली आणि बिशप हेबरच्या प्रवासवर्णनातही आलेली हकीकत अशी, की किल्ल्यातील एका अधिकाऱ्याच्या चाकरीत मोतद्दार म्हणून शिरलेला एक मराठा त्रिंबकजींच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गात असे. सुटकेची सगळी योजना त्या गाण्यात होती. पहारेकऱ्यांच्या कानांवर शब्द पडत होते, अर्थ पडत नव्हता. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी निसटले. जून १८१७चा पुण्याचा तह आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली खडकीची लढाई या पुढच्या घटनांच्या साखळीत या सुटकेचीही एक कडी आहे. १८१८ मध्ये ते पुन्हा सापडले आणि १८२९ साली चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारले.

आता आजच्या पहाऱ्याकडे वळू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि महाविद्यालयांची कपाटे बघता बघता क्लाऊडमध्ये गेली. हजेरीपत्रके, अंतर्गत गुण, प्रश्नसंच असे सारे सामायिक फोल्डरांत जमा झाले. त्यावरचा यांत्रिक पहारेकरी एकच गोष्ट नेमकी जाणतो: ईमेल पत्त्यातील ‘@’ या चिन्हापुढचा भाग. तो संस्थेच्या डोमेनशी जुळला तर माणूस आतला, न जुळला तर बाहेरचा. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात ही कसोटी कोणाला लागते? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला. सकाळी डोंबिवलीत दोन तास, दुपारी लोकलने ठाण्याला येऊन आणखी दोन. पण संस्थेचा ईमेल पत्ता बहुधा कुठलाच नाही. त्याला फोल्डर दिला की यंत्राच्या लेखी कागद बाहेर गेला. शिवाय एका फोल्डरची परवानगी आतल्या प्रत्येक फाइलला लागू होते, त्यामुळे एका साध्या कृतीच्या पोटी चाळीस सूचना उगवू शकतात. एकाच शिक्षणसंस्थेच्या दोन महाविद्यालयांची डोमेने वेगळी असली तर शेजारच्या इमारतीतले सहकारीही परके ठरतात.

अशा सूचनांच्या ढिगावरून एका तासिका प्राध्यापिकेला परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फोल्डरातून काढून टाकले गेले आणि दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला गेला, असे आम्ही जवळून पाहिले आहे. प्रश्नसंच तिनेच तयार केला होता. खुलासा मान्य झाला. पण ज्याची नेमणूक दर सत्रास नव्याने होते त्याच्या फायलीत असा कागद राहणे ही लहान गोष्ट नव्हे. १७७४ प्रमाणे येथेही बातमी खरीच होती आणि भुर्दंड भलत्यालाच पडला.

याउलट ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ पाहता येईल अशी परवानगी दिली की नोंदीत परक्याचे नावच उमटत नाही. ती लिंक व्हॉट्सअॅपवरच्या एका समूहातून दुसऱ्यात जाते. नावे मोजणाऱ्या पहारेकऱ्यासाठी हे मोतद्दाराचे गाणे होय. ‘लांडगा आला रे आला’ ऐकून कंटाळलेला माणूस सगळ्या सूचना बंद करून टाकतो, तेव्हा तर हे गाणे ऐकायला कोणी उरतच नाही.

मग करावे काय? सूचना आली की खुलासा मागण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. पत्ता कोणाचा आहे? परवानगी नुसती पाहण्याची की बदल करण्याची? ती त्या फाइलला मुद्दाम दिली की फोल्डरावरून आपोआप लागली? नोंदवहीत, म्हणजे ऑडिट लॉगमध्ये, फाइल प्रत्यक्ष उघडल्याची खूण आहे का? कारण परवानगी देणे आणि कागद वाचला जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. आणि शेवटी, त्या फाइलीत आहे तरी काय? कवितेवरची टिपणे आणि विद्यार्थ्यांचे पत्ते, दूरध्वनी यांना एकच माप लावता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, अशी माहिती खरोखर फुटली तर संबंधितांना कळवण्याची तरतूद आहे. खऱ्या गळतीसाठी लक्ष शिल्लक राहावे म्हणूनही खोट्या सूचनांचा निकाल वेळच्या वेळी लागला पाहिजे.

उत्तरे समाधानकारक असतील तर सूचना कारण लिहून बंद करावी आणि त्या एका पत्त्यापुरती, सत्र संपेपर्यंतची सवलत नोंदवावी. साऱ्या जीमेलला मुभा देणे म्हणजे दरवाजाच काढून ठेवणे. तासिका प्राध्यापकांना सत्रापुरता संस्थेचा पत्ता दिला तर अर्ध्याहून अधिक गोंधळ मुळातच होणार नाही. त्यासाठी फार खर्च लागत नाही, इच्छा लागते. आणि हे प्रश्न विचारण्याचे काम दूर बसलेल्या तंत्रज्ञावर न सोपवता कोण काय शिकवतो हे जाणणाऱ्या विभागप्रमुखाला त्यात घ्यावे. ठाण्याच्या किल्ल्यात इमानी शिपायांची वाण नव्हती. मराठी कळणारा एक जण तेवढा खिडकीपाशी हवा होता.