शिडांच्या कादंबरीचे भीमाकाठचे मूळ

माढे तालुक्यातील मोडनिंब हे कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव; पर्जन्य बेताचा, आणि सह्याद्री उतरल्यावाचून समुद्राचे दर्शन दुर्लभ. अशा गावाच्या परिसरात शिडांच्या जहाजांवरील साहसकथेचे मूळ शोधू जाणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु मोडनिंबाच्या दक्षिणेस, मंगळवेढे तालुक्यात, भीमेच्या तीरावर माचणूर-ब्रह्मपुरी येथे 1695 पासून 1699 पर्यंत औरंगजेब बादशहाची छावणी पडली होती आणि मोगल सलतनतीचा सारा कारभार येथून चालत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ही शंका फिटते.

1695 च्या सप्टेंबरात, मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेस परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशहाचे थोरले जहाज हेन्री एव्हरी नामक इंग्रज चाच्याने ‘फॅन्सी’ ह्या आपल्या जहाजानिशी गाठले. लढाईच्या आरंभीच बादशाही जहाजावरील एक तोफ फुटली, शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी कोसळली, आणि पुढे कित्येक दिवस लूट व यात्रेकरूंची विटंबना चालली. त्या काळी त्याच मुलखात वावरणारा इतिहासकार खाफीखान लुटीचा आकडा 52 लक्ष रुपये देतो. बादशहाचा कोप सुरतेच्या इंग्रज वखारीवर कोसळला. वखारवाले बेड्या पडून कैदेत गेले, आणि हजच्या जहाजांना संरक्षण देण्याची हमी भरून ईस्ट इंडिया कंपनीने आपला व्यापार वाचविला. एव्हरीचे काही साथीदार लंडनला फासावर चढले. तो स्वतः मात्र कोणाच्याही हाती लागला नाही.

ज्याचा शेवट कोणास ठाऊक नाही, अशा मनुष्याचा शेवट कल्पनेला रचावा लागतो. 1712 साली लंडनच्या रंगभूमीवर ह्याच चाच्यावर बेतलेले नाटक झाले, आणि 1720 मध्ये डॅनियल डिफोने ‘कॅप्टन सिंगल्टन’ ह्या कादंबरीत त्याला पात्र म्हणून आणले. पुढे जहाजावर शल्यवैद्याचा मदतनीस राहिलेल्या स्मॉलेटने 1748 मध्ये आरमारी जीवनाचे कठोर चित्र काढले. इंग्रज आरमारी सेनानी लॉर्ड कॉक्रेनच्या हाताखाली लढलेल्या कॅप्टन मॅरिअटने 1836 च्या ‘मिस्टर मिडशिपमन ईझी’मध्ये ह्या कादंबरीप्रकारास स्थिर रूप दिले, आणि त्याच कॉक्रेनच्या पराक्रमावरून विसाव्या शतकात पॅट्रिक ओब्रायनने आपला कादंबरीनायक जॅक ऑब्री घडविला. अनुभव, रोजनिशी आणि सरकारी खलिते ह्या तीन धाग्यांनी ही वंशपरंपरा विणलेली आहे. पण तिच्या आरंभीच्या धाग्यांपैकी एक भीमेच्या काठावरून गेला आहे.

ह्या कुळाची दुसरी शाखा आपल्या घरची. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या बाजूस उभारलेले आरमार हे स्वतंत्र राज्यांग होय, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने मानले आहे. आणि गुराबा-गलबतांची रचना, पावसाळ्यातील छावणी, एवढेच नव्हे तर रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून न तोडण्याचा दंडकही त्यात सांगितला आहे. दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी गुराब आपल्या निमुळत्या नाळेवरील तोफा डागीत शत्रूच्या पिछाडीस जाई, वारा पडला की वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेत, आणि शत्रू पंगू झाला की गलबतांवरील शिपाई चहूकडून त्याच्यावर चढत. कान्होजी आंग्रे सरखेलांनी हेच तंत्र वापरून इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी ह्यांना वचकात ठेवले. त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारे जहाज ते धरीत, आणि हा सार्वभौम सत्तेचा अधिकार होता. तथापि ज्या राष्ट्राने एव्हरीस जन्म दिला त्याच्या क्लेमेंट डाउनिंग ह्या लेखकाने 1737 च्या ग्रंथात आंग्र्यांनाच चाचे म्हटले. 1756 मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले तेही पेशव्यांनी इंग्रजांशी केलेल्या सहकार्यातून, ही गोष्ट लिहिताना मनाला यातना होतात.

इतका संपन्न वारसा असताना मराठी कादंबरी मात्र गडावर रमली. नाथमाधवांनी 1909 च्या सुमारास ‘सावळ्या तांडेल’ लिहून ग्रंथनामाचा मान एका तांडेलास दिला, आणि गो. नी. दांडेकरांनी ‘दर्याभवानी’त शिवकालीन आरमाराकडे दृष्टी वळविली, परंतु त्यांच्यामागे मॅरिअटनंतर इंग्रजीत आली तशी लेखकांची रांग उभी राहिली नाही. ह्याचे कारण साधनांचा अभाव म्हणता येणार नाही, कारण पेशवे दफ्तरात आंग्र्यांसंबंधीचे कागद आहेत, आणि कोळी, भंडारी, खारवी ह्यांच्या मुखी सारंग, परभाण, सुकाणू, नांगर हे शब्द जिवंत आहेत. खरे कारण असे की घाटावरच्या लेखकाने आणि वाचकाने समुद्र आपला मानला नाही.

तो मानावयास समुद्रकाठी जन्म घ्यावा लागत नाही. भीमाकाठच्या छावणीत बसून बादशहाला सुरतेच्या समुद्राची झळ पोहोचली, मग मोडनिंबाच्या शाळेतील मुलास विजयदुर्गाची का पोहोचू नये? ज्याचे आरमार गेले त्या समाजाने निदान त्याची कादंबरी तरी गमावू नये. आणि ती लिहिणाऱ्याने पराक्रमाच्या घोषणांपेक्षा गुराबेच्या लाकडाकडे, वाऱ्याच्या दिशेकडे आणि तांडेलाच्या पोटापाण्याकडे अधिक निष्ठेने पाहावे, कारण ह्या कुळातील टिकलेली प्रत्येक कृती अशाच निष्ठेतून जन्मली आहे.