ग्लॉब (संगणकशास्त्र)

ग्लॉब ही संगणकातील फाइलींची नावे वाइल्डकार्ड चिन्हे असलेल्या नमुन्याशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. एकेक नाव न लिहिता एकाच नमुन्याने अनेक फाइली निवडण्यासाठी तिचा उपयोग होतो. युनिक्स व लिनक्समधील शेल, पायथॉनसारख्या प्रोग्रॅमिंग भाषा आणि गिटसारखी साधने या पद्धतीचा वापर करतात.

इतिहास

बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्सच्या पहिल्या सहा आवृत्त्यांमध्ये 'ग्लॉब' हा स्वतंत्र प्रोग्रॅम होता. 'ग्लोबल' या शब्दाचे ते संक्षिप्त रूप होय. आज्ञेत वाइल्डकार्ड आढळल्यास शेल हे काम त्या प्रोग्रॅमकडे सोपवीत असे. १९७९ मधील सातव्या आवृत्तीतील बॉर्न शेलपासून हे काम शेल स्वतःच करू लागले; नाव मात्र पद्धतीला कायमचे चिकटले.

चिन्हे

'*' हे चिन्ह शून्य किंवा अधिक वर्णांसाठी वापरतात. 'अहवाल*' या नमुन्यात 'अहवाल', 'अहवाल१' आणि 'अहवाल-अंतिम' ही तिन्ही नावे बसतात.

'?' हे चिन्ह नेमक्या एका वर्णासाठी असते. 'अहवाल?' मध्ये 'अहवाल१' बसते, 'अहवाल१०' बसत नाही.

'[१२३]' म्हणजे कंसातील कोणताही एक वर्ण, '[!१२३]' म्हणजे त्यांव्यतिरिक्त कोणताही एक वर्ण.

शेलमध्ये '*' हे चिन्ह तिरकी रेघ ओलांडत नाही, म्हणजेच ते उपफोल्डरमध्ये शिरत नाही. त्यासाठी काही शेल व साधनांत '**' वापरतात. टिंबाने सुरू होणारी, म्हणजे लपविलेली नावेही '*' मध्ये सहसा येत नाहीत.

देवनागरी नावांच्या बाबतीत '?' चा अर्थ दिसणाऱ्या अक्षरापेक्षा वेगळा असतो. युनिकोडमध्ये 'की' हे अक्षर 'क' आणि दीर्घ वेलांटी अशा दोन संकेतांकांनी बनते. त्यामुळे ते जुळण्यासाठी सामान्यतः '??' लिहावे लागते.

विस्तार कोण करतो?

युनिक्समध्ये नमुन्याचा विस्तार शेल करते आणि आज्ञेला केवळ तयार नावांची यादी मिळते. मूळ नमुना कोणता होता हे आज्ञेला कळत नाही. म्हणून फाइली पुसणाऱ्या 'आरएम' या आज्ञेपुढे '*.जुने' ऐवजी चुकून '* .जुने' असे लिहिल्यास त्या एका रिकाम्या जागेमुळे दोन स्वतंत्र नमुने तयार होतात आणि पहिल्या नमुन्यामुळे फोल्डरमधील सर्व दृश्य फाइली पुसल्या जाऊ शकतात. अशा आज्ञेपूर्वी तोच नमुना 'एको' या आज्ञेला देऊन यादी पाहणे सुरक्षित असते. नमुना अवतरणचिन्हांत लिहिल्यास शेल त्याचा विस्तार करीत नाही.

एकही नाव न जुळल्यास बॅश शेल नमुना जसाच्या तसा आज्ञेकडे पाठविते, तर झेडशेल त्रुटी दाखविते. एमएस-डॉस व विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये विस्तार शेल करीत नाही. ते काम प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतः करावे लागते.

रेग्युलर एक्सप्रेशनशी तुलना

दोन्ही पद्धतींत काही चिन्हे समान असली तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ग्लॉबमध्ये 'क*' म्हणजे 'क' ने सुरू होणारे कोणतेही नाव. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये त्याचा अर्थ 'क' हा वर्ण शून्य किंवा अधिक वेळा असा होतो. ग्लॉबमध्ये टिंब हे केवळ टिंबच असते. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये ते सामान्यतः कोणत्याही एका वर्णासाठी येते. ग्लॉबमध्ये पूर्ण नाव नमुन्याशी जुळावे लागते, तर रेग्युलर एक्सप्रेशनने बहुधा मजकुराचा एखादा भाग शोधला जातो.

प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये

पॉझिक्स मानकात यासाठी 'ग्लॉब' आणि 'एफएनमॅच' ही दोन फंक्शने आहेत. पहिले फंक्शन फोल्डर वाचून जुळणाऱ्या नावांची यादी देते. दुसरे केवळ दिलेले नाव नमुन्यात बसते की नाही हे सांगते. पायथॉनमध्ये याच नावांची मोड्यूल आहेत. तेथील 'एफएनमॅच' मात्र तिरकी रेघ व आरंभीचे टिंब यांना इतर वर्णांप्रमाणेच मानते.